दूर गेलेल्याचं ताट

सोहेई दक्षिणेच्या बेटांवर लढाऊ विमान चालवायला गेला, त्या दिवसापासून त्याची आई तोमे दुपारी दोन ताटं वाढायची. एक आपलं, एक त्याचं. दूर गेलेल्याचं ताट मांडलं की तो तिकडे उपाशी राहत नाही, असं त्या किनाऱ्यावरच्या सगळ्याच आया मानत. भात, मुळ्याचं लोणचं आणि अळकुड्या घातलेलं मिसोचं सार. साराच्या वाडग्यावर झाकण. थोड्या वेळाने झाकण उचलायचं; आतून थेंब धरले असतील तर पोर सुखरूप. आता कढत साराच्या झाकणाला थेंब धरणार नाहीत तर काय धरणार? पण हे तोमेला सांगायची कुणाची छाती नव्हती.

थेंब बघताना तिला गुंगी यायची. खाली समुद्र, वर उतारावर संत्र्यांची झाडं, आणि ओसरीत बसल्या बसल्या तिला वाटायचं, ढगांच्या वर कुठेतरी सोहेई तोंड पुसतोय.

वर्षभरात सोहेईचं नाव झालं. त्याने पाडलेल्या विमानांचा आकडा गावात शिरताना जेवढा असायचा, तो देवळापर्यंत पोचेस्तोवर दुप्पट व्हायचा. साके दारूच्या दुकानात तर आणखीच फुगायचा. पाडलेल्या विमानातही कुणाचं तरी पोर असतं, हे त्या फुशारक्यांत कुणाला सुचलं नाही. तोमेला सुचायचं, पण ती गप्प बसायची.

हिवाळ्याच्या तोंडाला सोहेई रजेवर आला. हिवतापाने पिवळा पडलेला, गालफडं बसलेली. शाळेत भाषणाला उभा केला तर लढाईबद्दल अवाक्षर काढलं नाही. म्हणाला, "वरून ढगांवर आपल्या विमानाची सावली पडते, आणि तिच्याभोवती इंद्रधनुष्याचं कडं असतं." एवढं बोलून खाली बसला. गावप्रमुख निशिओका पार हिरमुसला.

दुपारी तोमेने सवयीने जास्तीचं ताट मांडलं.

"आई, मी आलोय ना गं. हे कुणाला?"

"मेला हात ऐकत नाही."

सोहेईने तेच ताट पुढे ओढलं. "रोज हेच जेवतो मी. तिकडे उन्हात भात घशाखाली उतरत नाही. पण दुपारी वर असलो की तोंडात अळकुडीची चव येते. शपथ."

"आईची थट्टा करतोस."

"तुझ्या हाताला मीठ जरा जास्तच आहे, तेही कळतं तिथं."

तोमे हसली, मग डोळ्यांना बाही लावली. जेवता जेवता तो म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, या तापात लढाई नको. इथल्याच तळावर नव्या पोरांना शिकव. जायचं की राहायचं, माझ्यावर सोडलंय."

वीराच्या आईने काय बोलायचं ते ठरलेलं होतं. गावच्या बायका झेंडे हलवत तेच बोलायच्या. तेच बोलायला तिने तोंड उघडलं आणि भलतंच बोलून बसली.

"राहा इथेच. लोक मला भित्री म्हणोत. मला तू हवास."

सोहेईने वाडग्यातलं उरलेलं सार पिऊन टाकलं. "बरं, राहतो," तो म्हणाला. "मग हे ताट बंद कर. आगगाडीने जाता येतं तिथल्या माणसाचं कुणी ताट मांडतं का? लोक हसतील."

रजा संपवून तो गेला. तोमेने त्याचा वाडगा फळीवर ठेवला आणि वर्षभराची राहिलेली झोप काढली. संत्री उतरवताना डोळे मिटले की दिसायचं, सोहेई पोरांना बगळ्यांसारखं झाडांवरून उडायला शिकवतोय आणि ती खालून सगळ्यांना जेवायला हाका मारतेय. पत्र आलं नाही, पण पत्राचा त्याला लहानपणापासून कंटाळा. ती सुखात होती.

हिवाळा सरता सरता प्लमची झाडं फुलली तेव्हा निशिओका ठेवणीतले कपडे घालून दारात आला आणि कमरेत वाकला.

"तोमेवहिनी, सोहेई दक्षिणेच्या समुद्रावर कामी आला. मरणोत्तर दोन हुद्दे वाढवून दिलेत त्याला. सगळ्या गावाला..."

"दक्षिणेच्या? तो तर इथे शिकवायला होता."

"नाही हो. रजा संपल्या संपल्या त्याने स्वतः तिकडची नेमणूक मागून घेतली. म्हणाला, नवी पोरं तिकडे एकटी कशी सोडू? तुम्हाला बोलला नाही?"

तोमे रडली नाही. उठली, चूल पेटवली आणि अळकुड्या सोलायला बसली. निशिओका गोंधळला.

"वहिनी, आता हे कशाला?"

"सगळा हिवाळा माझं पोर तिकडे उपाशी उडत होतं, भावजी," ती म्हणाली. "मी ताट मांडलं नाही. एक दिवससुद्धा मांडलं नाही."