तावडेसाहेबांचा उलटा हात

तावडेसाहेब कुठलीही गरम वस्तू आधी उलट्या हाताने बघायचे. चहाचा पेला असो, पंपाचं झाकण असो की ताप आलेल्या मुलाचं कपाळ. उजव्या हाताच्या बोटांची मागची बाजू क्षणभर टेकवायची आणि आकडा सांगायचा. २०१२ साली आम्ही सिंगापूरच्या चोआ चू कांग भागात राहायला आलो. पहिल्याच रविवारी इमारतीखालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, एका अनोळखी गृहस्थांनी माझ्या कॉफीच्या ग्लासला हात लावला आणि मराठीत म्हणाले, "एकाहत्तर आहे. जीभ भाजेल. थांब दोन मिनिटं." नाव नंतर सांगितलं.

मी रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत हिशेब तपासण्याचं काम करतो. कुणी आकडा सांगितला की पडताळल्याशिवाय मला चैन पडत नाही. पुढच्या रविवारी मी मुलीच्या शाळेतल्या प्रयोगांचा थर्मामीटर खिशात घालून, तिलाही घेऊन गेलो. पाच ग्लास तपासले. सर्वांत मोठी चूक दोन अंशांची निघाली. "डॅडी, अंकल इज राइट लाह," मुलगी म्हणाली. तावडेसाहेब हसले. "मेल्या, मीटर माणसाने बनवलं. हात देवाने." माझी खात्री पटली आणि मी पुन्हा कधी तपासलं नाही. हीच चूक ऑफिसात दुसऱ्या कुणी केली असती तर मी त्याला माफ केलं नसतं.

ते रत्नागिरीकडचे. तीस वर्षं जहाजांवर इंजिनिअर होते. नंतर सिंगापूरच्या एका कंपनीत किनाऱ्यावरून जहाजांची देखभाल बघू लागले. खलाशी त्यांना बडे साब म्हणत. मला ते 'कागदावरचा माणूस' म्हणत, पण कर भरायची वेळ आली की माझ्याच दारात उभे राहत.

आमची ओळख होऊन चार वर्षं झाली तेव्हाची गोष्ट. ऑफिसने मला दोन आठवड्यांसाठी बार्सिलोनाला पाठवलं. त्यांच्या कंपनीचं एक जहाज तेव्हा तिथेच दुरुस्तीला लागलं होतं, म्हणून तेही तिथे. शनिवारी आम्ही पहाटेची बस पकडून पिरेनीजच्या डोंगरातल्या एका गावी निघालो. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत, असं त्यांना तरुणपणी एका स्पॅनिश सहकाऱ्याने सांगितलं होतं. "आमच्या कोकणात याला उन्हाळं म्हणतात. यांचं उन्हाळं कसं आहे ते बघू तरी." निघण्याआधी त्यांच्या पत्नीचा, शैलावहिनींचा, मला फोन आला. "भाऊजी, यांची शुगर वाढलेली आहे. पाण्यात दहा मिनिटांच्या वर बसू देऊ नका." मी शब्द दिला.

बसमध्ये ते खुशीत होते. आदल्या दिवशी जहाजावर चाचणी झाली होती. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी ओढणारा जो मोठा पंप असतो, त्याचं बेअरिंग तापल्याचं मीटर दाखवत होतं. शहाऐंशी. जहाजावरचा चीफ इंजिनिअर डिसोझा घाबरला होता. "मी हात ठेवला. गार. म्हटलं, मीटर बदल आणि रविवारी निघ." त्यांच्या बोटांच्या मागे दोन फोड होते. मी विचारलं. "हॉटेलची किटली लागली," ते म्हणाले.

गाव एका अरुंद दरीत होतं. एक रस्ता, एक चर्च आणि गावापेक्षा मोठं दगडी स्नानगृह. म्हातारी माणसं पांढरे झगे घालून झाडांखाली फिरत होती. प्रत्येकाच्या हातात गंधकाच्या पाण्याचा पेला, दर फेरीला एक घोट. "हे सगळे ऑपरेशनला निघालेत की लग्नाला?" तावडेसाहेबांनी विचारलं. आत शिरताना एक फॉर्म भरायचा होता. मधुमेहाच्या रकान्यात त्यांनी 'नाही' अशी खूण केली. मी बघितलं आणि माझा फॉर्म पुढे सरकवला. 

संगमरवरी टबांची देखरेख पिलार नावाच्या एका जाडजूड बाईंकडे होती. त्यांनी आमच्या टबांत गार पाण्याची तोटी सोडली तेव्हा तावडेसाहेब एकदम खूश झाले. "बघ, इथेही विसण घालतात!" आठ मिनिटांनी मी त्यांना बाहेर काढलं. "शैलाने तुला पगार चालू केलाय काय?" ते कुरकुरले.

मग पिलारबाई आम्हाला मूळ झरा दाखवायला तळघरात घेऊन गेल्या. कमानींची खोली, सगळीकडे वाफ, भिंतीतून दगडी तोटीवाटे पडणारी जाड धार. मी भिंतीवरची पाटी वाचत होतो. भाषा कळत नव्हती, आकडा कळत होता. छप्पन्न. तेवढ्यात मागून आवाज आला, "एकोणचाळीस. अगदी आमच्या कोकणासारखं."

मी वळलो. त्यांचा हात धारेखाली होता आणि ते हसत होते.

पिलारबाई किंचाळल्या आणि त्यांनी तो हात ओढून काढला. मनगटापर्यंत लालबुंद झाला होता. मी धारेला एक बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. तावडेसाहेब आधी माझ्या बोटाकडे, मग स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर वेदना नव्हती. वेदना नव्हती म्हणूनच मी भ्यालो.

हाताला पट्टी बांधून झाल्यावर आम्ही बाहेर बाकावर बसलो. पावणेचार वाजले होते.

"संवेदना गेल्याला किती दिवस झाले?" मी विचारलं.

"पायांचं तीन वर्षं. हाताचं दीड."

"मग रविवारची कॉफी?"

"वाफ बघून सांगतो. लोक ग्लास कसा धरतात ते बघून सांगतो." मग स्नानगृहाकडे बघून म्हणाले, "इथे सगळीकडेच वाफ."

मी बसमध्ये बघितलेल्या त्यांच्या बोटांवरच्या फोडांचा विचार करत होतो. किटलीची मूठ उलट्या हाताने कुणी धरत नाही. "पंपाचं बेअरिंग गार लागलं म्हणालात."

त्यांनी पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं.

"जहाज कधी निघतंय?"

"उद्या सकाळी आठला."

"माणसं किती?"

"तेवीस." मग घाईने म्हणाले, "मीटर खोटंही असू शकतं."

"असू शकतं. पण ते तुम्हाला माहीत नाही."

"फोन केला तर पुढे काय, हे तुला माहीत आहे? कंपनीचा डॉक्टर नोव्हेनाच्या हॉस्पिटलात तपासणीला पाठवेल. मी नापास. नोकरी गेली की सिंगापूरला राहायचा पास गेला, पास गेला की घर गेलं. शैलाला मी अजून काही सांगितलेलं नाही."

 बेअरिंग जळालं की इंजिन तापतं, जहाज भर समुद्रात थांबतं, कधी आगही लागते. हे सगळं त्यांनीच मला कॉफी पिताना शिकवलं होतं. मी म्हणालो, "तुम्ही नाही केलात तर मी करीन. नंबर कुठूनही मिळवीन."

"भ्यालास?"

"हो."

"मीपण," ते म्हणाले, आणि डाव्या हाताने फोन माझ्याकडे सरकवला. "लाव. मला बटणं दाबता येत नाहीत."

मी फोन त्यांच्या कानाशी धरला. "डिसोझा, मीटर सही था. मैं गलत था. पंप खोलो. नहीं, सुबह नहीं. अभी." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्यांनी डोळे मिटले. "मेरे हाथ में जान नहीं रही, भाई. डेढ़ साल से."

त्यानंतर तीन तास आम्ही त्या झाडांखाली काढले. झगेवाले म्हातारे आमच्यासमोरून पेले घेऊन जात-येत राहिले. मी त्यांच्या फेऱ्या मोजत होतो, कारण दुसरं काही मोजायला नव्हतं. पावणेसातला फोन वाजला. बेअरिंग तापून निळं पडलं होतं आणि त्याला आडवी चीर गेली होती. डिसोझाच्या मते जेमतेम दीड दिवस टिकलं असतं. तावडेसाहेबांनी ऐकून घेतलं, "थँक यू" म्हटलं आणि मग वहिनींना फोन लावायला सांगितलं. मी उठून लांब जाऊन उभा राहिलो.

पुढचं सगळं ते म्हणाले होते तसंच झालं. तपासणी, राजीनामा, पास रद्द. कंपनीला दिलेला अहवाल त्यांनी माझ्याकडून लिहवून घेतला. 'निष्काळजीपणा' हा शब्द मी दोनदा गाळला, त्यांनी तो दोनदा घालायला लावला.

ते कायमचे भारतात निघाले तेव्हा विमानतळावर मी एकटाच गेलो होतो. वहिनी सामान तपासायच्या रांगेत होत्या. तावडेसाहेबांनी मला बाजूला घेतलं.

"त्या तीन तासांत मी मनात काय म्हणत होतो, ठाऊक आहे? बेअरिंग जळालेलंच निघू दे. नाहीतर माझी नोकरी फुकट जाईल. तेवीस माणसं आहेत त्या जहाजावर, आणि मी हे मागत होतो. शैलाला नाही सांगितलं. तुला सांगतो."

 जो हिशेब मला येतो तोच मी केला. "पण ते मागायच्या आधी फोन केला होतात."

 वहिनींनी रांगेतून हाक मारली.

"होय," ते म्हणाले. "फोन आधी केला." मग बॅग उचलून रांगेकडे गेले.