शेवटच्याची घंटा

देवावर माझा कधी राग नव्हता. राग यायला आधी ओळख लागते, आणि ती ओळख आमच्या ह्यांची होती. मी आपली संध्याकाळी दिवा लावायची, सणावाराला नैवेद्य दाखवायची आणि मनात म्हणायची, ऐकणारा कुणी असलाच तर त्याला माझ्या भाजीतल्या मिठापेक्षा मोठी कामं असतील. हे मात्र रस्त्याकडेला शेंदूर फासलेला दगड दिसला तरी चपला काढून उभे राहायचे. "अहो, पाय भाजतील," मी ओरडायची. "भाजू देत की," म्हणायचे आणि सावकाश हात जोडायचे. आमचा सगळा संसार असाच झाला, मी चार पावलं पुढे आणि हे कुठल्या तरी दगडापाशी मागे.

ह्यांचा जन्म कुपवाडच्या एका कारखान्यात लेथपुढं उभं राहण्यात गेला. निवृत्तीनंतर छातीत एकदा कळ येऊन गेली. औषधं सुरू झाली, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आणि पुढे बेताचे डोंगर चढायलाही परवानगी दिली. मग आम्ही सांगलीतल्या डोंगर फिरणाऱ्यांच्या एका मंडळात नाव घातलं. रविवारी सकाळी मिनीबस निघायची. कधी दंडोबा, कधी सागरेश्वर, कधी पार साताऱ्याच्या अंगाचे डोंगर. बहुतेक सगळे आमच्यासारखेच, गुडघे कुरकुरणारे आणि डब्यात काय आहे याची चौकशी आदल्या रात्रीपासून करणारे.

मंडळाची एक रीत होती. वर देऊळ असलं तर आधी पोचलेल्यांनी घंटेला हात लावायचा नाही. सगळ्यांत शेवटी जो येईल त्यानं ती वाजवायची. घंटा वाजली म्हणजे मागे कुणी राहिलं नाही, आणि मगच शिदोऱ्या सुटायच्या. सावकाश चालणाऱ्याला कानकोंडं वाटू नये म्हणून कुणीतरी ही रीत घातली असणार. आमचे हे कायमचे शेवटचे, त्यामुळं घंटा त्यांचीच ठरलेली. "मान मिळावा म्हणून मुद्दाम रेंगाळता तुम्ही," मी चिडवायची. त्यावर एकदा मला म्हणाले, "आगं, एकदा तू वाजीव की. माझ्या नावची." मी म्हटलं, मला नाही बाई असली थेरं जमत.

थंडी सरत आली होती तेव्हाची गोष्ट. रहिमतपूरच्या पलीकडे भैरोबाचा एक डोंगर आहे, तिथं गेलो होतो. गवत वाळून पिवळं पडलेलं, वाट निसरडी. मी नेहमीप्रमाणे पुढच्या बायकांत होते. मागं लक्ष ठेवायचं काम बापूंचं. बापू म्हणजे आमच्यातले निवृत्त एसटी कंडक्टर, गाडी भरल्याशिवाय दोरी ओढायची नाही ही सवय अंगात मुरलेली. अर्ध्या वाटेवर एक म्हसोबा लागतो. तिथं हे थांबले आणि बापूंना म्हणाले, "तुमी व्हा फुडं, मी आलोच हात जोडून." बापू पुढच्या वळणावर एका खडकावर टेकून वाट बघत बसले.

वर आम्ही देवळामागच्या टाक्याजवळ सावलीत बसलो होतो. घंटा वाजली. चांगली दणदणीत, दोनतीनदा. मी भाकरीचं फडकं सोडत म्हटलं, "आले एकदाचे महाराज." बायका हसल्या. ठेचा फिरला, दही फिरलं. हे देवापुढं नेहमी वेळ काढायचे, त्यामुळं मी उठून बघितलंसुद्धा नाही. त्यांच्या वाटणीची भाकरी मात्र बाजूला काढून झाकून ठेवली.

खाली बापूंनीही तीच घंटा ऐकली. आतल्या पायवाटेनं हे आपल्याला चुकवून वर गेले असतील असं समजून ते उठले आणि वर आले. येताच मला विचारलं, "वहिनी, दादा कुठं हायत? मला टांग मारून आलं व्हय?"

मी घास टाकून देवळात गेले. गाभाऱ्यात एक नवं जोडपं उभं होतं, हळद अजून अंगावरची उतरली नव्हती. डोंगराच्या मागच्या अंगानं गाडीरस्ता आहे, तिकडून ते जोडीनं देवदर्शनाला आलं होतं. "घंटा कुणी वाजवली?" मी जवळजवळ खेकसलेच. तो पोरगा बावरला. "आमीच वाजवली, काकू. काय चुकलं का?" त्याचं काय चुकलं होतं? देवळातली घंटा वाजवायला आमच्या मंडळाची परवानगी थोडीच लागते!

ह्यांना फोन लावला तर तो माझ्याच पिशवीत वाजला. मग मी खाली पळत सुटले. या वयात, त्या निसरड्या वाटेनं. बापू आणि दोघंतिघं मागून हाका मारत येत होते. आणि त्या वाटेवर मी आयुष्यात पहिल्यांदा भैरोबाशी बोलले, पण ती प्रार्थना नव्हती. तोंडाला येईल ते बोलत होते. ज्यानं तुझ्या एकेका दगडापुढं पाय भाजून घेतले त्याला तू तुझ्याच घंटेनं फसवलंस, म्हणत होते. आणि पुढच्याच श्वासाला, माझं माणूस राख, पुन्हा तोंड वर करून बोलणार नाही, असंही म्हणत होते. माणूस घाबरलं की त्याच्या बोलण्याला धरबंध राहत नाही.

म्हसोबाच्या अलीकडे वाटेवर मेंढरं आडवी आली. सगळी वाट अडवून उभी, सैरभैर, आणि राखणारं कुणीच नाही. बापू थबकले. म्हणाले, "वहिनी, धनगर मेंढरं अशी सोडत न्हाई. कायतरी झालंय." आम्ही मेंढरांतून वाट काढत कडेच्या घळीत उतरलो.

करवंदीच्या जाळीआड एक म्हातारी बसली होती. हनुवटीवर गोंदण, अंगावर विटकं लुगडं. ह्यांचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि अंगावर तिची घोंगडी. माशा वारत होती. माझ्याकडं बघून म्हणाली, "मालकीण का तू? बस पोरी. आत्ताच गेलं बघ."

मी बसले. हात धरला, तो अजून गरम होता. बापूंनी छाती दाबून बघितली, तोंडानं वारा भरून बघितला, घाम फुटेपर्यंत सोडलं नाही. काही झालं नाही. म्हातारी एकेक सांगत होती. ते वाटेवर छाती धरून खाली बसलेले तिनं पाहिलं, धरून सावलीला आणलं, पाणी पाजलं. हाळ्या दिल्या, पण वारं उलटं होतं. "उठून माणसं आणाय निघाले, तर हात सोडंनात. मग बसले." आणि मग ती म्हणाली, "वर घंटा वाजली तवा हसलं. म्हणलं, आमच्या मालकिणीनं वाजीवली. माझ्या नावची. लय खूस झालं बघ. मग गप पडलं."

ते ऐकून मी जी रडले ती खाली रस्त्याला लागेपर्यंत रडतच होते. ह्यांना त्याच घोंगडीत घालून खाली आणलं.

अशा गोष्टींत मदतीला आलेलं माणूस पुन्हा कुणाला दिसत नाही, आणि मग लोक म्हणतात, तो देवच होता. मला ती सापडली. दिवसकार्य आटोपल्यावर घोंगडी परत करायला बापूंना घेऊन निघाले. विचारत विचारत गेलो, तर रहिमतपूरजवळच्या एका मोकळ्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती, तिथं ती चुलीपुढं भाकरी थापत होती. मयताच्या अंगावरची घोंगडी कुणी परत घेत नाही म्हणून मी एक नवीही नेली होती. तिनं जुनीच घेतली, झटकली आणि खांद्यावर टाकली. "नवी टोचती," म्हणाली.

माझ्या मनात जे इतके दिवस सलत होतं ते मी तिच्याजवळ बोलले. "मावशी, ती घंटा मी वाजवली नव्हती. कुणा दुसऱ्यानंच वाजवली."

"वाजली न्हवं?" ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

ती घंटा वाजली नसती तर बापू मागं फिरले असते, कदाचित हे वाचलेही असते. हे मी तिला सांगितलं नाही. अजूनही हा विचार येतो आणि आला की जेवण जात नाही. पण ती वाजली नसती तर ते मला हाका मारत गेले असते, हेही तितकंच खरं. यातलं कुठलं घ्यायचं ते माझ्या हाती नाही. माझ्या हाती काही होतं असं मी जन्मभर समजत आले, एवढंच.

निघताना मी विचारलं, "मावशी, मेंढरं मोकळी सोडून ओळख ना पाळख अशा माणसापाशी बसलात कशा?"

"मेंढरं त्याची हायती," डोंगराकडं हात करून ती म्हणाली. "त्यो राखील म्हणलं. माणूस एकटं कसं टाकायचं?"

माझी जीभ काही एका दु:खात सुधारायची नाही. मी म्हटलं, "मग, राखली का त्यानं?"

"दोन कोकरं न्हाई राखली. लांडग्यानं नेली," ती म्हणाली. "बाकीची राखली." आणि मला भाकरी वाढली.

मी ती खाल्ली. खाण्याआधी, कुणी सांगितलं नसताना, माझे हात जोडले गेले.