ग्लिन प्रॉसरचे बूट

ग्लिन प्रॉसरच्या बुटांत तोंड दिसायचं. बंद पडलेल्या बँकेच्या पायरीवर झोपणारा हा माणूस सकाळी उठून आधी बूट चमकवायचा, मग माझ्या गाडीवर चहाला यायचा. उमेदीची सगळी वर्षं पलटणीत गेलेली. परतल्यावर घर बायकोकडे राहिलं, नोकरी कुठलीच टिकली नाही. उजव्या पायाची बोटं सडत चालली होती. तो बोलला नव्हता, मला वासावरून कळलं.

थंडीच्या तोंडावर सरकारी घरांच्या कार्यालयाकडे एक खोली रिकामी झाली. ज्याचे जास्त हाल, त्याला ती मिळणार. मी ग्लिनला बजावलं, आठवडाभर दाढी नको, अंघोळ नको, आणि तिथल्या तपासणीच्या बाईसमोर बूट काढून पाय सरळ दाखवायचा.

"म्हणजे भीक मागू?"

"नाही हो कॉर्पोरल. जरा घाण दिसा, एवढंच."

"पोरी, तेवढं मला शिकवलेलं नाही."

तरी तीन-चार दिवस त्याने दाढी-अंघोळीविना कळ काढली. ठरलेल्या सकाळी मात्र गुळगुळीत दाढी करून हजर. स्टेशनच्या नळावर गार पाण्याने केलेली, गालावर ओरखडे. विजारीला इस्त्री केल्यासारखी घडी, पुठ्ठ्याखाली दाबून झोपला होता.

मी सोबत गेले. बाई खुर्ची दाखवत होती, हा ताठ उभाच. जेवणखाण? होय, मॅडम. झोप? होय, मॅडम. तब्येत? ठीक आहे, मॅडम. मी पायाचं काढायला तोंड उघडलं, तर त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले. बाई बुटांकडे बघून हसली. तिचे आजोबाही लष्करात होते म्हणे, अगदी असेच टापटीप. इतका सावरलेला माणूस हा हिवाळा सहज काढेल, असं म्हणून तिने खोली दुसऱ्याला दिली.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "बुटांकडे बघितलं बाईने. बघितलंस ना?"

जानेवारीत त्याला पायरीवरून उचलून नेलं. इस्पितळात आधी बूट कापला, मग घोट्याच्या वरून पाय.

बाई स्वतः दुसऱ्या एका खोलीची किल्ली घेऊन इस्पितळात आली. आता तुम्ही नियमात बसता, म्हणाली. तेव्हा का नाही बोललात, असंही विचारलं.

"तुम्ही तपासणीला बसला होतात, मॅडम. तपासणीत शिपाई तक्रार सांगत नाही."

किल्ली त्याने चादरीवर ठेवली आणि नर्सकडे बूट मागितले. डावा कपाटात आहे, तिने सांगितलं. उजवा कात्रीने कापावा लागला, फेकून दिला.

पाय गेल्याचं कळलं तेव्हा त्याने नुसती मान हलवली होती.

"अहो, पॉलिश केलेला होता तो," म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून रडला.