कंपाउंडरकाकांनी न लावलेली सलाईन

कंपाउंडरकाकांची सुई शिरलेली कळत नसे. दुसरबीडच्या एका लहान दवाखान्यात इंजेक्शनं आणि सलाईन त्यांच्याकडे असत. हाताला स्पिरिटचा बोळा लावला की विचारत, "काल भाजी कोन्ती खाल्ली?" माणूस आठवेपर्यंत यांचं काम आटोपलेलं. एका आजीबाईंना तर सलाईन सुरू झाल्याचा पत्ताच नव्हता. सून वांग्यात तिखट टाकत नाही, ही तक्रार त्यांनी अर्धी बाटली संपेपर्यंत चालवली.

काका मूळचे मेहकरकडचे. काटकुळे, केस कायम उभे, बोलणं खरखरीत. आमच्याकडे अंग मोडून आलं की लोक थेट खाटेवर जाऊन पडतात आणि बाही वर करतात. काका वैतागत. "बाटली लावली का मानूस बरा होते, असं कोनं सांगतलं तुमाले?" असं म्हणत म्हणतच बाटली टांगत.

त्या वर्षी बाही वर करणाऱ्यांत मीही होतो. मी इथल्या शाळेत मास्तर. झोप पहाटेच मोडायची, जेवण जात नव्हतं, फळ्यासमोर उभा राहिलो की कालचा धडा आठवेना. आपण नसलो तर घरच्यांचं काही अडणार नाही, असंही मनात येऊ लागलं होतं. या सगळ्याला मी कमजोरी म्हणत होतो. डॉक्टरांनी रक्त तपासलं, काही निघालं नाही. तरी महिन्याभरात तीनदा मीच हट्टानं सलाईन लावून घेतली.

चौथ्या खेपेला काकांनी भाजीचं विचारलं आणि सुई बाजूला ठेवून दिली. "सर, तापानं फनफनलेला मानूसही भाजीचं नाव सांगते. तुम्ही चार खेपा झाल्या, नुस्ते छताकडे पाहून राह्यले. हे बाटलीचं काम नाही."

मला रडू फुटलं. वर्गाला दरडावणारा मी, खाटेवर बसून हुंदके देत होतो. काकांनी दार लोटलं आणि शेजारी बसले. "मलेही झालं होतं हे. बुलढाण्याले मनाचे डॉक्टर हायेत. दीड वर्ष गोळ्या खाल्ल्या म्या."

"मी काय वेडा आहे का?" मी चिडून विचारलं.

"म्या दिसतो का येडा?"

खरं सांगायचं तर थोडे दिसायचे. कितीतरी दिवसांनी मला हसू आलं.

आमच्या डॉक्टरांनीही लगेच चिठ्ठी दिली. दुसऱ्या दिवशी काका सुट्टी टाकून माझ्याबरोबर बसमध्ये बसले. बुलढाण्याच्या दवाखान्यात रांगेत कोणी ओळखू नये म्हणून मी तोंडाला रुमाल बांधला, तर काका मोठ्यानं म्हणाले, "ऊन नाही, धूळ नाही, रुमाल काऊन?" आतल्या डॉक्टरबाईंना मी बायकोलाही न सांगितलेलं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हा आजार आहे. याला नैराश्य म्हणतात आणि यावर उपचार आहेत." मी आळशी नव्हतो, नालायक नव्हतो, आजारी होतो! बाहेर येऊन मी दोन कप चहा प्यायलो. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागले, दर पंधरवड्याला बोलायला जावं लागलं. मध्येच सोडून द्यावंसं वाटे, पण काका शाळेच्या फाटकाशी सायकल थांबवून "घेतली?" एवढंच विचारत, आणि खोटं बोलायची सोय नसे. गावात मात्र मी पाठदुखी सांगत होतो. काकांनी त्यावर कधी शब्द काढला नाही.

मागच्या वर्षी काकांनी काम सोडलं आणि ते मेहकरला मुलीकडे गेले. निरोपाचं भाषण अर्थातच मास्तरकडे आलं. कागद लिहून नेला होता, तो खिशातच राहिला. "माझी पाठ ठणठणीत होती," मी म्हणालो. "मला नैराश्य होतं, आणि या माणसानं मला वाचवलं." "बसा आता सर, चहा थंडा होऊन राह्यला," काका म्हणाले आणि डोळे पुसू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला निघालो, तर एका विद्यार्थिनीचे वडील दारात उभे. इकडचं तिकडचं बोलले. मग खाली पाहत म्हणाले, "सर, बुलढाण्याची गाडी कितीला असते?"

बसथांब्यासमोर गेली वीस वर्षं त्यांचंच हॉटेल आहे. मी मुख्याध्यापकांना फोन करून रजा सांगितली आणि त्यांच्याबरोबर निघालो.