रांगेबाहेरचे सुभेदार

सुभेदारांना कौतुक करता येत नसे. मनात असायचं, पण तोंडातून बाहेर पडायचं नाही. आयर्लंडच्या पश्चिमेला, आमच्या स्लायगोत सगळेच थोडेफार तसे, पण सुभेदार त्या सगळ्यांचे गुरू. छपरं उडवून नेणारा वारा सुटला तर ते म्हणणार, "आज जरा हवा आहे." कुणाची गाडी खड्ड्यात उलटी पडली तर, "बरं नाही झालं." आणि एखादी गोष्ट अगदी जिवापाड आवडली, तर खाली बघत, बुटाच्या टोकानं खडा सरकवत म्हणणार, "अगदीच वाईट नाही." याच्या वरचा शेरा त्यांच्या पोतडीत नव्हता. माझ्या आईनं पहिल्यांदा भाकरी आणि ठेचा दिला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या, कान लालबुंद झाले, तरी वाटी चाटूनपुसून परत देताना हेच म्हणाले. मी भाषांतर केल्यावर आई उखडली. "एवढंच हुतं तर वाटी कशापायी चाटली म्हणावं?"

सुभेदार म्हणजे आमचे शेजारी, खरं नाव डेक्लन. 'सुभेदार' हे आईनं ठेवलेलं. माझी बायको मुग्धा इथल्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर, मी वरच्या खोलीत बसून डब्लिनच्या कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम करतो, आणि आई दरवर्षी काही महिने आमच्याकडे येते. सातारा जिल्ह्यातलं तिचं माहेर म्हणजे घरटी एक माणूस फौजेत. तिचा सख्खा भाऊ सुभेदार होऊन निवृत्त झालेला. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं खिडकीतून शेजाऱ्याला पाहिलं. तो गल्लीतल्या सगळ्यांचे कचऱ्याचे डबे रस्त्याच्या कडेला नेऊन एका ओळीत लावत होता. एखादा डबा इंचभर पुढे आला, की परत येऊन मागे सरकवत होता.

"ह्यो माणूस फौजेतला हाय," आईनं निकाल दिला.

मी त्यांना विचारलं. "होतो काही वर्षं," एवढं म्हणून त्यांनी विषय पावसावर नेला. आई त्या दिवसापासून कुंपणावरून हाक मारायला लागली, "सुभेदार, च्या घेताय न्हवं?" हा हुद्दा केवढा मोठा, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "सैन्यात मी शेवटपर्यंत साधा शिपाई होतो. तुझ्या आईकडे बढती लवकर मिळते."

त्यांची कापलेली हिरवळ ही पाहण्याची चीज होती. स्वतःची कापून झाली की यंत्र तसंच आमच्या अंगणात शिरायचं. विचारायचं नाही, सांगायचं नाही. आभार मानले, की ते मागे बघून जणू आभार दुसऱ्याच कुणाचे मानले असावेत असा चेहरा करत. घरात एकटेच. लग्न केलं नव्हतं. कॉर्कला एक बहीण होती, नोरीन, तिचा रविवारी फोन यायचा आणि सुभेदार तो कुंपणाशी उभे राहून घ्यायचे. आम्हाला इकडून 'ग्रँड, ग्रँड', म्हणजे इथल्या भाषेत 'ठीक, ठीक', एवढंच ऐकू यायचं.

एका शरद ऋतूत मोठं वादळ झालं. मी कामासाठी डब्लिनमध्ये अडकलो, रेल्वे बंद, मुग्धाला इस्पितळातून निघता येईना, आणि घरी आई एकटी. दुपारीच वीज गेली. मी फोन करकरून थकलो. शेवटी मुग्धा कशीबशी घरी पोचली, तेव्हा स्वयंपाकघरात मेणबत्ती लावून दोघं आरामात बसली होती. तंबूत वापरायची गॅसची छोटी शेगडी सुभेदारांनी आणली होती आणि तिच्यावर आई भाकऱ्या भाजत होती. ती सातारी मराठीत बोलत होती आणि ते स्लायगोच्या इंग्रजीत. "काय बोलत होतात एवढं?" मी नंतर विचारलं. आई म्हणाली, "त्यानं चूल दिली, मी भाकरी दिली. आनि काय बोलायचं असतंय?"

पुढच्या वर्षी पॉडी नावाचा त्यांचा मित्र वारला. इथे अंत्यविधीला ओळखपाळख असो-नसो, सगळे जातात, हे आईला फार पटलेलं. ती नऊवारीवर माझं जाड जाकीट चढवून निघाली. पॉडी माजी सैनिक होता. चर्चच्या दारापासून रस्त्यापर्यंत दोन्ही बाजूंना म्हातारे सैनिक डोक्यावर बेरे टोपी, छातीवर पदकं लावून ताठ उभे होते आणि त्यांच्या मधून शवपेटी गेली. सुभेदार त्या रांगेत नव्हते. रस्त्यापलीकडे बंद दुकानाच्या पायरीवर, खिशात हात घालून उभे होते. तेवढ्या लांबूनही दिसत होतं, की त्यांच्या टाचा जुळलेल्या आहेत.

रस्ता रिकामा झाल्यावर आईनं काही मागेपुढे पाहिलं नाही, मला ओढत पलीकडे नेलं. "त्यांना इचार, तुमी रांगेत का न्हाई?"

मी विचारणार नव्हतो, पण तिनं माझी बाही सोडली नाही. सुभेदारांनी खिशातून हात बाहेर काढले. मग त्यांनी सरळ सांगितलं. तरुणपणी ते लेबनॉनला शांतिसेनेत होते, पॉडीसोबत. परत आल्यावर बराकीत गांजा ओढला. लघवीच्या तपासणीत सापडले. सैन्यानं काढून टाकलं, आणि दाखल्यावर शेरा मारला, 'वर्तणूक असमाधानकारक'. माजी सैनिकांच्या संघटनेत यायला तो शेरा निदान 'चांगली' असावा लागतो. त्यामुळे रांगेत जागा नाही.

"पेन्शन नको, काही नको," ते म्हणाले. "पॉडीसाठी तेवढं उभं राहायला आवडलं असतं."

स्वतःला काही हवंय, असं मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

मला धाकधूक होती ती आईची. तिच्या भावानं असल्या शिपायाला उभा सोलला असता. तिनं सगळं ऐकून घेतलं. "काढला ते बरोबरच केलं," ती म्हणाली. "पर किती वर्सं झाली त्याला? एवढ्यात तर आमच्याकडं जन्मठेपवाला बी घरी येतो. अर्ज करा म्हणावं."

अर्ज ह्या गोष्टीवर आपल्या माणसांची केवढी श्रद्धा! पण खरोखरच तशी सोय निघाली. जुन्या शेऱ्याचा फेरविचार करणारं एक मंडळ होतं. मी उत्साहानं मसुदा लिहायला बसलो. दरवर्षी कंपनीत स्वतःच्या कामगिरीचं गुणगान लिहून लिहून माझा हात त्यात बसलेला आहे. मी लिहिलं, की अर्जदारानं समाजजीवनात सातत्यपूर्ण नेतृत्व दाखवलं आहे, नैसर्गिक आपत्तीत पुढाकार घेतला आहे आणि परिसर स्वच्छतेत नवे मापदंड घालून दिले आहेत. हे शेवटचं म्हणजे कचऱ्याचे डबे.

सुभेदारांनी चष्मा लावून ते सगळं वाचलं. "कोण आहे हा माणूस?" म्हणाले. "भेटायला आवडेल."

मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि एकेक ओळ खोडली. मी म्हटलं, निदान लेबनॉनचं तरी लिहू. तिथे जे पाहिलं त्यानं झोप उडाली होती, असं नोरीन म्हणते, हे एकदा त्यांच्याच तोंडून निसटलं होतं. त्यावर त्यांनी मान हलवली. "तिथे सगळेच होते. सगळ्यांनी नाही ओढला." शेवटी कागदावर उरलं ते असं: मी गांजा ओढला. ती चूक होती. त्यानंतर ओढला नाही. मला मित्रांच्या अंत्यविधीला रांगेत उभं राहायचं आहे.

सुनावणी डब्लिनला, बॉल्सब्रिजमधल्या एका इमारतीत होती. आम्ही तिघं सकाळच्या गाडीनं गेलो. आईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. तिला आत सोडणार नव्हते, म्हणून ती बाहेरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसली. साक्षीदार म्हणून मी आत गेलो. समोर तिघंजण, मधोमध पिकल्या केसांच्या एक बाई. त्यांचा सूर आमच्याच पश्चिमेकडचा.

"का ओढलात?" बाईंनी विचारलं.

सुभेदार खरंखुरं आठवत असावेत तसे छताकडे बघत राहिले. "शुक्रवार होता," ते म्हणाले.

मी कपाळाला हात लावायचंच बाकी होतं.

"आणि त्यानंतर आयुष्य कसं गेलं?"

"फार वाईट नाही."

झालं. हा गृहस्थ आता स्वतःच्या हातानं सगळं बुडवणार, अशी माझी खात्री पटली. तेवढ्यात बाई माझ्याकडे वळल्या, यांच्या स्वभावाबद्दल मला काय सांगायचंय म्हणून. माझ्या खिशात दोन पानांचं भाषण होतं, रात्रभर घोकलेलं. मी उभा राहिलो. पाहतो तर सुभेदार मान खाली घालून बुटांकडे बघताहेत, कान ठेच्यापेक्षा लाल. चारचौघांत कुणी आपली स्तुती करणार, या कल्पनेनंच माणूस अर्धा झाला होता. त्या माणसावर ते भाषण सोडायचा मला धीर झाला नाही. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "तसे अगदीच वाईट नाहीत."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "स्लायगोत किती वर्षं राहता?" त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला. "बरं, आता एखादा प्रसंग सांगा." मग मी वादळ सांगितलं, शेगडी आणि भाकऱ्या सांगितल्या, आणि माझी आई बाहेर बाकावर यांच्यासाठी डबा घेऊन बसली आहे, हेही. बाईंनी लिहून घेतलं. सुभेदारांनी तोवर मान वर केली नाही.

निकाल यायला बरेच महिने लागले. शेरा बदलून 'चांगली' झाला होता. त्याच्यावरच्या दोन पायऱ्या, 'फार चांगली' आणि 'आदर्श', राहूनच गेल्या, आणि काढून टाकल्याचं कारण तसंच राहिलं. मी जरा हिरमुसलो. सुभेदार म्हणाले, "ओढला होता ना." आईनं दुधाच्या पावडरीचे पेढे करून अख्ख्या गल्लीत वाटले. सुभेदारांनी चार खाल्ले. शेरा काय दिला, ते सांगायला नकोच.

मग ते पहिल्यांदा रांगेत उभे राहिले, एका म्हाताऱ्या हवालदाराच्या अंत्यविधीला. कोरी बेरे टोपी, छातीवर लेबनॉनचं पदक. घरी आल्यावर मी विचारलं, जवळचे होते का फार? "छे, भयंकर माणूस होता," ते म्हणाले. "पण रांग छान होती." आणि स्वतःच दचकले. 'छान' हा शब्द मी त्यांच्याकडून ऐकला तो तेवढ्या एकदाच.

गेल्या हिवाळ्यात सुभेदार गेले. झोपेत, कुणाला काही त्रास न देता, म्हणजे त्यांच्या स्वभावाला धरूनच. आई तेव्हा साताऱ्याला होती. मी आणि मुग्धा चर्चमध्ये गेलो आणि इथल्या रिवाजाप्रमाणे घरच्यांचा हात हातात घ्यायला ओळीत उभे राहिलो. नोरीनला मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी नाव सांगताच तिनं माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला.

"तुम्हीच ते शेजारी," ती म्हणाली. "दर रविवारी तुमचा विषय निघायचा. म्हणायचा, ती माणसं अगदीच वाईट नाहीत."

मला कंपनीनं आजवर पुष्कळ चांगले शेरे दिलेत. एकानंही कधी रडवलं नव्हतं. मी भर चर्चमध्ये हमसून हमसून रडलो, आणि मुग्धानं मला हाताला धरून बाहेर आणलं.

घरी येऊन आईला फोन लावला. वाटलं होतं, ती काय झालं, कसं झालं विचारेल. तिनं एकच विचारलं.

"रांग हुती का रं?"

"होती, आई. दारापासून पार रस्त्यापर्यंत."

"सरळ हुती?"

"सरळ होती."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"मंग झालं तर," आई म्हणाली.