फादर उपाशी आले तेव्हा

आमच्या मिशनच्या इतिहासाचं नाटक बसवायचं ठरलं. इतिहास एका निवृत्त मास्तरांनी लिहिला, नाटकही तेच बसवत होते. त्यात स्पेनचे पहिले फादर बदनापूर स्टेशनवर उतरतात, बैलगाडीनं आमच्या वस्तीत येतात आणि आल्या आल्या भुकेल्यांना पाव वाटू लागतात. तेव्हा इकडे पाव कुठे मिळत होता, ते मास्तरांनाच ठाऊक. फादरांनी स्पेनमधूनच भाजून आणले असतील.

माझी आजी वेगळं सांगायची. फादर आले तेच तापानं फणफणलेले. गावात कुणी ओट्यावर टेकू देईना. गावाबाहेरच्या आमच्या वस्तीत आजीनं त्यांना झोपडीत घेतलं आणि आठ दिवस ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून भरवली. मिशन म्हणजे काय, हे तिला माहीत नव्हतं. माणूस उपाशी आहे, एवढं दिसत होतं. मिशनच्या एकाही वहीत आजी नाही. नाटकात तरी ती यावी, असं मला फार वाटे. पण मी चर्च झाडणारी, चौथी शिकलेली, चार माणसांत तोंड न उघडणारी.

मला मिशन येण्याआधीच्या, अंधारातल्या बाईचं काम मिळालं. केस मोकळे सोडून बसायचं आणि फादर आले की हात पसरायचा.

"मावशी, जरा अडाणी दिसा," मास्तर म्हणाले.

मी काहीच केलं नाही.

"बराबर! बिलकुल असंच!"

एकदा मी धीर करून म्हणाले, "मास्तर, फादरलाच आमच्या आजीनं जेवू घातल्तं."

"मावशी, इतिहास लिहून झाला. आता त्यात काय घालता?"

नाटकाच्या दिवशी बियाण्याच्या कंपनीतले एक साहेब कापसाची दाढी लावून फादर झाले. त्यांनी पाव पुढे केला. मी हात पसरला नाही. पदराखालची भाकरी काढून त्यांच्या हातावर ठेवली. साहेब सकाळपासून उपाशीच होते. दाढी बाजूला सारून त्यांनी घास मोडला आणि हळूच म्हणाले, "मावशी, पाणी हाय का?" बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"इतिहास नासवला तुम्ही!" पडद्यामागे मास्तर कडाडले. मग पाहुण्या फादरांना तोच प्रसंग फार आवडला, तेव्हा तो मास्तरांनाच सुचलेला निघाला.

येत्या रविवारी जालन्यात पुन्हा प्रयोग आहे. नाटकात आता आजीचंच काम आहे आणि तिला लांबलचक संवाद लिहिलेत, म्हणून ते काम मास्तरांच्या बी.ए. झालेल्या सुनेला दिलं.

"तुम्ही फक्त भाकरी करून आणा, मावशी. गरम पाहिजे."

"न्हाई," मी म्हणाले. "आजी माझी हाय. काम मीच करीन."

"एवढे संवाद पाठ होतील तुम्हाला?"

"ती बोललीच न्हवती, मास्तर. तिनं नुसती भाकरी दिल्ती."

मास्तरांनी पेन काढून संवादांवर काट मारली आणि विचारलं, "उभ्यानं दिली का बसून?"

"बसून," मी म्हणाले. "माणूस आडवा पडलेला होता ना."