आधी कार्यक्रम, मग चहा

साताऱ्याच्या आमच्या कारखान्यात नवं मशीन बसवायला एक चिनी इंजिनिअर आला होता. त्याचं नाव माझ्या जिभेवर कधी बसलंच नाही. चहाच्या सुट्टीत तो कपाला हात लावायच्या आधी फोन काढायचा आणि त्याच्या देशातले गप्पांचे नवे कार्यक्रम त्यात उतरवून घ्यायचा. तोवर मी आणलेल्या चहावर साय धरायची. माझं डोकं फिरायचं.

शेवटी म्हणालो, "आवं साहेब, आधी च्या घ्या की! कार्यक्रम काय पळून जातोय व्हय?"

तो फोनमध्ये त्याच्या भाषेत बोलला. फोन पुस्तकी मराठीत म्हणाला, "होय, जातो. सकाळी असतो, संध्याकाळी वरून आदेश येतो आणि काढून टाकतात."

मग त्यानं एक इयरफोन माझ्या कानात घातला. दोन बायका खळखळून हसत होत्या. फोननं सांगितलं, तो कार्यक्रम कधीच बंद पाडला होता, उरला होता तो त्याच्या फोनमध्ये.

"आसं काय बोलल्या त्या?" मी विचारलं.

त्यानं फोन तोंडाजवळ नेला, मागं वळून पाहिलं आणि गुपचूप खिशात टाकला. मागं फक्त आमची पाण्याची टाकी होती.

दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्या कपावर बशी झाकायला लागलो.